समोरच्या इमारतीत

त्या शुक्रवारी दुपारी तीन वाजता सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं, तेव्हा मी लॅबमध्ये हूडपाशी, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटापाशी, बसले होते, हातात पेशींचा फ्लास्क. काम अर्ध्यात टाकून कशी येऊ, असं म्हणत होते तोवर मला काम शिकवणाऱ्या मॅडमनी फ्लास्क माझ्या हातून घेतला, झाकण लावून इन्क्युबेटरमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "चल. काय सांगणार आहेत ते मला कळलंय."

आमच्या कंपनीचं औषध चाललं नव्हतं. दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ज्यांना औषध दिलं ते रुग्ण आणि ज्यांना नुसतं सलाइन दिलं ते रुग्ण, यांच्यात काही फरकच दिसला नव्हता. कंपनीकडे दुसरं औषध नव्हतं आणि नव्याने पैसे घालायला कोणी तयार नव्हतं. साठेक माणसं होतो आम्ही. सहा आठवड्यांत कुलूप लागणार हे सांगताना सांगणाऱ्याचाही आवाज फुटत नव्हता. कोणीच काही विचारलं नाही.

वर आल्यावर लोक आपापले ड्रॉवर रिकामे करायला लागले. मॅडम मात्र तळमजल्यावर गेल्या, म्हणून मीही गेले. तिथे द्रव नायट्रोजनच्या टाक्या होत्या आणि त्यांत आमची सेल बँक. बोटाच्या दोन पेरांएवढ्या शे-दोनशे व्हायल, प्रत्येकीत लाखो गोठलेल्या पेशी. मॅडमनी मोजपट्टी टाकीत बुडवली, बाहेर काढून हवेत हलवली, तिच्यावर पांढरं कुठपर्यंत धरलंय ते पाहिलं आणि नायट्रोजन भरायला घेतला. त्या दिवशी त्यांची पाळी नव्हती. भरा म्हणून कोणी सांगितलंही नव्हतं. "कंपनी बंद होतेय म्हणून ह्यांनी का मरायचं?" एवढंच म्हणाल्या.

पुढच्या चार महिन्यांत जे घडलं त्याचा विचार मी अजून करते. आमच्यातले बहुतेक जण त्याच परिसरात कामाला लागले. घर बदललं नाही, मुलांच्या शाळा बदलल्या नाहीत. कोणी दोन इमारती सोडून, कोणी मागच्या गल्लीत, आणि मी तर अक्षरशः रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत. इतकी वर्षं ज्या खिडक्यांकडे बघत मी चहा प्यायले, त्यांतल्याच एका खिडकीतून आता आमची जुनी, अंधारलेली लॅब दिसायची. दुःख होतंच. पण एक औषध पडलं म्हणून त्याच्या मागची साठ माणसांची विद्या पडली नाही, हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. एखाद्या प्रदेशात हा जैवतंत्रज्ञानाचा, म्हणजे जिवंत पेशींकडून औषधं बनवून घेण्याचा, उद्योग रुजतो म्हणजे नेमकं काय होतं, याचं उत्तर मी तेव्हापासून शोधत आले. जिथे जिथे तो रुजला त्या ठिकाणांविषयी मिळेल ते वाचलं.

कॅलिफोर्नियातल्या सान दिएगोची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते, कारण तिच्या मुळाशी एक टेक्निशियन आहे. १९७८ साली आयव्हर रॉयस्टन हा तिथल्या विद्यापीठातला तरुण डॉक्टर आणि त्याच्या लॅबमध्ये काम करणारा हॉवर्ड बर्नडॉर्फ यांनी हायब्रिटेक नावाची कंपनी काढली. कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे एकाच लक्ष्याला चिकटणारी एकसारखी प्रथिनं, बनवण्याची रीत शोधली होती, पण तिचं पेटंट घेतलं गेलं नव्हतं. ती रीत कागदावर सोपी आणि हाताला अवघड. दोन जातींच्या पेशी एकत्र जुळवायच्या, त्यांतून हवी ती अँटिबॉडी देणारी एकच पेशी वेगळी काढायची आणि तिची वंशावळ जिवंत ठेवायची. बर्नडॉर्फच्या हाताला ते काम येत होतं. ३ लाख डॉलर भांडवल मिळालं आणि कंपनी उभी राहिली.

आठ वर्षांनी, १९८६ मध्ये, एली लिली या मोठ्या औषध कंपनीने हायब्रिटेक विकत घेतली. इथून गोष्ट खरी सुरू होते. लिलीची शिस्त वेगळी, हायब्रिटेकच्या माणसांची सवय वेगळी. निर्णय दूरच्या मुख्यालयात व्हायला लागले आणि एकेक माणूस बाहेर पडत गेला. पुढे लिलीने ती कंपनी विकूनही टाकली. त्या खरेदीच्या हिशेबाने पाहिलं तर व्यवहार फसला म्हणावं लागेल. पण बाहेर पडलेली माणसं सान दिएगो सोडून गेली नाहीत. समुद्रावर झुकलेलं ते टोरी पाइन्सचं पठार, तिथली विद्यापीठाची आणि साल्क या संशोधन संस्थेची शेजारदारी, ओळखीचे सहकारी, हे सगळं टाकून जायचं कुठे? त्यांनी तिथेच नव्या कंपन्या काढल्या. एमिलिन ही हायब्रिटेकच्याच माजी प्रमुखाने काढलेली. बर्नडॉर्फचा तर जेन-प्रोब, आयडेक, लिगँड अशा कितीतरी कंपन्यांच्या स्थापनेत हात होता. दान केलेल्या रक्तात एचआयव्ही किंवा कावीळ सीचे विषाणू आहेत का हे तपासणाऱ्या चाचण्या जेन-प्रोबने बनवल्या. आयडेकमधून रिटुक्सिमॅब आलं, लिम्फोमा या कर्करोगावरचं ते औषध १९९७ मध्ये मंजूर झालं. ज्या कंपनीतून हे सगळं फुटलं, तिचं नाव आज फार थोड्यांना माहीत आहे.

इथे कायद्याची एक बाजू आहे, जी लॅबमधल्या माणसांच्या गप्पांत क्वचित येते, आणि यायला हवी. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जाणार नाही, असं बंधन मालक करारात घालतात. कॅलिफोर्नियात असा करार १८७२ पासूनच्या कायद्याने निरर्थक ठरतो. जैवतंत्रज्ञान हा शब्दही नव्हता तेव्हाचा कायदा, कोणत्याही उद्योगाला डोळ्यांपुढे ठेवून केलेला नाही. तरी शंभर वर्षांनी माणसांना रस्ता ओलांडायची मोकळीक त्यानेच दिली. मॅसॅच्युसेट्समध्ये असे करार बराच काळ चालत होते. २०१८ च्या कायद्याने त्यांना आवर घातला. कुठल्याही सरकारने मला विचारलं, आमच्याकडे हा उद्योग वाढावा म्हणून काय करू, तर कर सवलतीच्या आधी मी ह्या एका कलमाकडे बोट दाखवीन.

पण रस्त्यापलीकडे जायला पलीकडे काही तरी असावं लागतं. पहिली कंपनी कुठून येते?

हर्बर्ट बॉयर आणि स्टॅनले कोहेन यांनी १९७३ मध्ये एका जिवाचा जीन, म्हणजे जनुक, दुसऱ्या जिवात बसवून दाखवला. १९७६ च्या सुरुवातीला रॉबर्ट स्वॉन्सन नावाचा, अठ्ठावीस वर्षांचा, हातची नोकरी गेलेला तरुण बॉयरकडे गेला. दहा मिनिटं मागितली होती, बोलणं काही तास चाललं. दोघांनी पाचपाचशे डॉलर घातले आणि जेनेन्टेक ही कंपनी झाली. जागा घेतली दक्षिण सान फ्रान्सिस्कोत, विमानाच्या मालवाहतुकीच्या एका गोदामात. त्या गावाच्या टेकडीवर 'औद्योगिक नगरी' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, आणि ते खरंच तसं होतं. खाटीकखाने, पोलाद, रंगाचे कारखाने. सुंदर संकुल नव्हतं, पण विद्यापीठ जवळ होतं आणि भाडं परवडत होतं. १९७८ मध्ये तिथल्या मंडळींनी जिवाणूकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतलं आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. तोवर इन्सुलिन गुरा-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत असत.

या कहाणीतला बॉयर-स्वॉन्सनच्या भेटीचा भाग सगळे सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती त्या शोधाच्या पेटंटची हकिकत. ते स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठांकडे होतं. एकाच कंपनीला ते भल्या मोठ्या किमतीला देऊन टाकणं शक्य होतं, आणि ज्याला मिळालं असतं त्याने बाकीच्यांची दारं बंद केली असती. विद्यापीठांनी तसं केलं नाही. वर्षाला १०,००० डॉलर भरणाऱ्या कोणालाही परवाना, असा नेम ठेवला. ४६८ परवाने गेले आणि १९९७ मध्ये पेटंटची मुदत संपेपर्यंत सुमारे २५.५ कोटी डॉलर जमा झाले. दार उघडं ठेवूनही पैसा आला, हे तर आहेच. पण छोट्या, कालपरवा सुरू झालेल्या कंपन्यांना पहिल्या दिवसापासून ते तंत्र वापरता आलं, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

१९८० हे वर्षही विसरून चालणार नाही. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी बनवलेल्या, खनिज तेल पचवणाऱ्या जिवाणूचं पेटंट मिळू शकतं, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी पाच विरुद्ध चार मतांनी दिला. सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना ठेवू देणारा बे-डोल कायदाही त्याच वर्षीचा. एक न्यायाधीश इकडचा तिकडे झाला असता तर काय, असं मनात येतंच.

मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजची, म्हणजे हार्वर्ड आणि एमआयटीच्या गावाची, हकिकत आणखी वेगळी आहे. १९७६ च्या उन्हाळ्यात हार्वर्डमध्ये जीन जोडण्याच्या कामासाठी कडक सुरक्षेची नवी लॅब होणार होती. महापौर आल्फ्रेड वेलुची यांनी नगरपरिषदेत जाहीर सुनावणी लावली. गावच्या गटारातून काय वाहणार, एखादा नवा रोग निसटला तर जबाबदार कोण, असे प्रश्न नामवंत शास्त्रज्ञांना गच्च भरलेल्या सभागृहात विचारले गेले. काम तात्पुरतं थांबवलं गेलं आणि गावातल्याच नागरिकांची एक समिती नेमली. तिच्यात एक परिचारिका होती, एक अभियंता होता, अध्यक्ष होते ते घरं तापवायचं तेल विकणारे गृहस्थ. जीन जोडण्याचं काम करणारा त्यांच्यात एकही नव्हता.

तेव्हाचे कित्येक शास्त्रज्ञ चिडले होते. अडाण्यांच्या हाती विज्ञान, असा त्यांचा सूर होता. मी त्यांच्या जागी असते तर मीही कदाचित चिडले असते. पण त्या समितीने काय केलं पाहा. काही महिने ती माणसं बसून शिकली. दोन्ही बाजूंची साक्ष ऐकली, पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले, आणि १९७७ च्या जानेवारीत अहवाल दिला की हे काम होऊ द्यावं, पण सरकारी नियमांहून थोडी जास्त काळजी घेऊन. फेब्रुवारीत नगरपरिषदेने तसा कायदा केला. पुढे कंपन्यांच्या कामासाठीही तो वाढवला. मग १९८२ मध्ये बायोजेन ही कंपनी तिथे आली, मागोमाग बाकीच्या. इतर गावांत परवानगी मिळेल का, मिळाली तर उद्या काढून घेतील का, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. केंब्रिजमध्ये मात्र सगळं लिहिलेलं होतं. ज्या भांडणाने हा उद्योग गावाबाहेर जाईल असं वाटत होतं, त्याच भांडणाने त्याला जागा करून दिली.

जागाही पडून होतीच. केंब्रिजच्या केंडल चौकात पूर्वी साबणाचे, गोळ्या-चॉकलेटांचे कारखाने होते. नासाच्या इलेक्ट्रॉनिक्स केंद्रासाठी तिथली बरीच जमीन मोकळी केली, ते केंद्र १९७० मध्ये बंद झालं आणि पुढे वर्षानुवर्षं तिथे पार्किंग आणि गवत होतं. २००२ मध्ये नोव्हार्टिस या औषध कंपनीने आपलं संशोधन केंद्र केंब्रिजला हलवायचं ठरवलं, तेव्हा घेतलेली इमारत जुन्या मिठाईच्या कारखान्याची होती. हे वाचताना मला आमच्या बंद लॅबची खिडकी आठवली.

डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचं थोडक्यात सांगते. नोबेल मिळालेले तिथले शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग १९२२ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. त्यांची पत्नी मारी स्वतः डॉक्टर आणि मधुमेही. तिच्या आग्रहाने ते, जिथे इन्सुलिनचा शोध लागला होता त्या, टोरांटोला गेले आणि इन्सुलिन बनवण्याची परवानगी घेऊन आले. १९२३ मध्ये त्यासाठी नॉर्डिस्क ही कंपनी सुरू झाली. तिथल्या थोरवाल्ड पेडरसनला कामावरून काढलं, तर त्याचा भाऊ हेराल्ड, जो यंत्रं बनवायचा, तोही उठून आला, आणि दोघांनी १९२५ मध्ये नोवो काढली. त्याच शहरात, तेच औषध, समोरासमोर. चौसष्ट वर्षं स्पर्धा करून १९८९ मध्ये दोन्ही एक झाल्या, ती नोवो नॉर्डिस्क. सान दिएगोच्या अर्धशतक आधी तिथे हेच घडलं होतं.

सरकारने ठरवून वसवलेली ठिकाणंही आहेत. सिंगापूरचं बायोपोलिस २००३ मध्ये उघडलं. इमारतींना जीनोम, प्रोटिऑस, मॅट्रिक्स अशी नावं. पण तिथे नुसत्या काचा बसवून थांबले नाहीत. बाहेरचे नामांकित शास्त्रज्ञ आणले आणि आपल्या मुलांना शिष्यवृत्ती देऊन परदेशी पाठवलं, परत येऊन काम करायच्या अटीवर. ज्या ठिकाणी फक्त इमारती झाल्या आणि माणसांचा विचार 'पुढे बघू' वर राहिला, तिथली रिकामी क्लीनरूम, म्हणजे औषध बनवायची निर्जंतुक खोली, मी पाहिली आहे. एअर हँडलर चालू, फिल्टर नवे, आणि आत गाऊन चढवून उभं राहायला कोणी नाही. फार वाईट वाटतं ते बघताना.

माणसं म्हणजे काय, हे मी मॅडमकडून शिकले. पहिल्या महिन्यात मी वितळवलेल्या पेशी मरायच्या. एसओपीत, म्हणजे कामाच्या ठरलेल्या कृतीत, लिहिल्याप्रमाणे सगळं करायचे. व्हायल ३७ अंशांच्या पाण्यात धरायची, वितळली की मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, मिसळायची. तिसऱ्यांदा मेल्या तेव्हा मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पूर्ण वितळू देऊ नकोस. डाळीच्या दाण्याएवढा बर्फ राहिला की बाहेर काढ." मग मीडिया कसा घालायचा ते दाखवलं. आधी थेंब, मग थांबायचं, मग थेंब. गोठवताना पेशींना जपणारं डीएमएसओ हे रसायन वितळल्यावर त्यांनाच बाधतं, आणि ते एकदम पातळ केलं तर पाणी आत घुसून पेशी फुगतात. हे सगळं मला वाचून माहीत होतं. पण किती वेळ थांबायचं ते त्यांच्या मनगटाकडे बघूनच कळलं. चौथ्यांदा पेशी जगल्या. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघून मॅडम म्हणाल्या, "खूश आहेत." लॅबमध्ये याहून मोठं कौतुक नसतं.

आम्ही ज्या पेशी वाढवायचो त्या सीएचओ, चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातल्या. थिओडोर पक यांनी १९५७ मध्ये त्या प्रथम वाढवल्या. रक्ताची गुठळी विरघळवणारं, अशा पेशींत बनलेलं जेनेन्टेकचं औषध १९८७ मध्ये आलं, आणि आज जगातली बहुतेक अँटिबॉडी औषधं याच पेशींत बनतात. प्रत्येक व्हायल आधी कोणी तरी गोठवलेली, त्याच्या आधी कोणी तरी वाढवलेली. आणि ही वितळवायची खुबी प्रत्येक ठिकाणी कोणी तरी कोणाच्या तरी शेजारी उभं राहून शिकवलेली.

माणसांवर तपासायला घेतलेल्या दहा औषधांतलं जेमतेम एक बाजारात पोचतं, आणि त्यालाही दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे या उद्योगात कंपनी बंद होणं हे नेहमीचं. जिथे एकच कंपनी आहे तिथे ती बंद झाली की माणसं दुसऱ्या कामाला लागतात, दुकान घालतात, शिकवण्या घेतात, आणि मनगटातलं सगळं दोन वर्षांत विसरतात. जिथे वीस आहेत तिथे ते ज्ञान एका दारातून निघून दुसऱ्या दारात शिरतं.

म्हणूनच एका गोष्टीची मला मनापासून भीती वाटते. जिथे हा उद्योग सगळ्यांत जास्त फुलला, केंडल चौक आणि सान फ्रान्सिस्कोच्या आसपास, तिथे घरभाडी अशी वाढली की लॅबमध्ये हाताने काम करणाऱ्याला जवळ राहणं परवडेना. पेशींना शनिवार-रविवार कळत नाही. त्यांना रविवारीही मीडिया बदलून द्यावा लागतो. जो माणूस दीड-दोन तास प्रवास करून येतो तो किती दिवस रविवारी येईल? आणि त्याची कंपनी बंद पडली तर तो समोरच्या इमारतीत जाईल, की घराजवळचं मिळेल ते काम धरेल? शास्त्रज्ञांना सवलतीची घरं देणाऱ्या योजना मी वाचल्या आहेत. टेक्निशियनचा उल्लेख त्यांत शोधावा लागतो. त्याच सान दिएगोची सुरुवात कोणाच्या हातांनी झाली होती हे आठवलं की राग येतो.

मॅडमना दुसरीकडे नोकरी मिळाली नाही. म्हणजे मिळत होती, पण कमी हुद्द्यावर, आणि निवृत्तीला तीनच वर्षं राहिली होती, तेव्हा त्यांनी नको म्हटलं. ते मला अजून लागतं. चाळीस वर्षांचे हात घरी बसले.

आमची सेल बँक मात्र विकली गेली. यंत्रांसोबत, पेटंटांसोबत, यादीतली एक ओळ म्हणून, आणि योगायोगाने ती आली माझ्याच नव्या कंपनीत. मधले सात महिने टाक्या एका गोदामात होत्या. नायट्रोजन वेळेवर भरला गेला का, याची नोंद अर्धवट होती. पहिली व्हायल काढायचं काम माझ्याकडे आलं. लेबलवर मॅडमचं अक्षर होतं. डाळीच्या दाण्याएवढा बर्फ राहिल्यावर बाहेर काढली. आधी थेंब, मग थांबायचं, मग थेंब. निळ्या रंगात मिसळून मोजल्या. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत लखलखीत. पुन्हा मोजल्या. ९४ टक्के जिवंत.

हातमोजे काढून तिथूनच मॅडमना फोन लावला. काय झालं ते सांगितलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"चौऱ्याण्णव."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आत्ता जिवंत दिसतात. काही उद्या मरतील. चोवीस तासांनी पुन्हा मोज, आणि मला सांग."